लंडनमध्ये चर्च निवडताना: सेंट मार्टिन की होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन?

दर सप्टेंबरला पुण्या-मुंबईहून इथे शिकायला आलेल्या कुणाचा तरी फोन येतो. "मावशी, रविवारी कुठल्या चर्चला जाऊ?" घरची मंडळी सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) असली की त्यांना अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं, चर्चच हवं असतं, आणि ते बरोबरच आहे. १९७० साली आपल्याकडच्या अँग्लिकन मंडळ्या इतरांबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या, तरी अँग्लिकन कुटुंबाशी नातं कायम राहिलं. पण लंडनमध्ये 'अँग्लिकन' एवढ्यावर काहीच ठरत नाही. नेहमी विचारली जाणारी दोन चर्चं एकाच बिशपच्या हद्दीत आहेत, तरी ती ज्यासाठी झटतात ते निराळं आहे.

सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स ट्रॅफल्गर चौकाला लागून आहे. जेम्स गिब्जने उभारलेली ही इमारत १७२६ साली पूर्ण झाली, पण आजचं चर्च घडलं ते १९१४ मध्ये डिक शेपर्ड व्हिकार (चर्चचे प्रमुख धर्मगुरू) झाल्यापासून. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर निघालेले सैनिक समोरच्या चेरिंग क्रॉस स्टेशनवर रात्री-अपरात्री उतरत. शेपर्डनी त्यांच्यासाठी चर्च उघडं ठेवलं. युद्ध संपलं आणि मग ज्यांना घर नाही ते येऊ लागले. बेघरांसाठीचं काम तिथे आजही शेजारच्याच इमारतीत चालतं. घरांच्या प्रश्नावर लढणारी 'शेल्टर' ही संस्था १९६६ साली याच चर्चमध्ये जाहीर झाली.

या चर्चचं मन कळायला नोव्हेंबरमधली एक उपासना पाहावी. वर्षभरात लंडनमध्ये बेघर अवस्थेत मेलेल्यांची नावं तिथे एकेक करून वाचतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, पाचेक मिनिटांचं काम असेल. यादी संपेना. माझ्या पुढच्या बाकावर बसलेला माणूस एका नावाला उभा राहिला, पुन्हा खाली बसला, आणि कुणी वळून पाहिलं नाही. तिथे भाषण झालं ते मला आठवत नाही. ती नावं आठवतात.

२०१२ साली व्हिकार झालेल्या सॅम वेल्स यांनी यामागचा विचार फार नेमका मांडला आहे. येशूने तीस वर्षं नासरेथात लोकांबरोबर नुसतं राहण्यात काढली, तीनेक वर्षं शिष्यांबरोबर काम करण्यात, आणि लोकांसाठी काही करण्यात अखेरचा यरुशलेममधला एक आठवडा. मग चर्चने सगळा वेळ लोकांसाठी काहीतरी करण्यातच का घालवावा, असं ते विचारतात. आपल्याकडे मंडळीचं 'सेवाकार्य' म्हटलं की वाटप डोळ्यांपुढे येतं: चादरी, वह्या, नाताळचा फराळ. वेल्स यांचं म्हणणं मला त्यासाठीच मोलाचं वाटतं. आधी शेजारी बसा.

पैशाचंही सांगायला हवं. तळघरात, जिथे पूर्वी मयतं पुरत, तिथे विटांच्या कमानींखाली कॅफे आहे. चहाचा ट्रे घेऊन तुम्ही जुन्या थडग्यांच्या शिळांवरून चालत जाता. कॅफे, दुकान आणि मैफली यांच्या नफ्यातून चर्चला हातभार लागतो. काहींना हे खटकतं. मला नाही खटकत.

उणीव मात्र खरी आहे. येणाऱ्यांत पर्यटक खूप, गायनवृंद सुरेल, प्रभुभोजनाची (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीची) विधिवत उपासना सुंदर, पण तीन रविवार जाऊनही तुमचं नाव कुणी विचारणार नाही असं होऊ शकतं.

होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टनमध्ये हे सहसा होणार नाही. नाइट्सब्रिजच्या श्रीमंत वस्तीतलं हे चर्च १८२९ साली अर्पण झालं आणि आता आसपासच्या आणखी चर्च-इमारतींतही त्याच्या उपासना होतात. धर्मगुरूंचे झगे नाहीत, बँड आहे, हातात कॉफीचा कप आहे, आणि बहुतेक जण पंचविशी-तिशीतले. त्यांचं उद्दिष्ट ते उघड सांगतात: राष्ट्रांना सुवार्ता, चर्चला नवी उभारी, समाजाचं परिवर्तन. ख्रिस्ती विश्वासाची तोंडओळख करून देणारा, जगभर पोचलेला अल्फा कोर्स १९७७ साली इथेच सुरू झाला आणि १९९० पासून इथले तेव्हाचे धर्मगुरू निकी गंबेल यांनी तो वाढवला. पद्धत साधी आहे. दर आठवड्याला एकत्र जेवण, मग एक व्याख्यान, मग छोट्या गटात गप्पा; कुठलाही प्रश्न विचारा, कुणी तोंड दाबत नाही. मधे पवित्र आत्म्यावर एक शनिवार-रविवार असतो, तिथे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. परक्या शहरात एकट्या पडलेल्या मुलीला आठवड्यातून एकदा गरम जेवण आणि आठ-दहा ओळखीचे चेहरे मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. ओस पडलेली चर्चं पुन्हा भरवण्यासाठी ते आपली माणसं पाठवतात. ब्रायटनचं सेंट पीटर्स २००९ मध्ये असंच वाचलं.

दोघांमधला खरा फरक मला प्रश्नांच्या बाबतीत दिसतो. १८८३ साली पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन मठात राहत असताना बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर तिथल्याच सिस्टरांना पत्रांतून ठणकावलं की माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती देणार नाही. अल्फामध्ये रमाबाईंचं पहिल्या संध्याकाळी मनापासून स्वागत झालं असतं. पण कोर्सचा ओघ निर्णयाकडे आहे, शेवटी 'हो' अपेक्षित आहे. सेंट मार्टिनमध्ये प्रश्न वर्षानुवर्षं तसाच ठेवून प्रभुभोजनाला जाता येतं.

समलिंगी जोडप्यांबद्दल तर थेटच विचारा. डिसेंबर २०२३ पासून चर्च ऑफ इंग्लंडमध्ये नेहमीच्या उपासनेत त्यांच्यासाठी आशीर्वादाच्या प्रार्थना करता येतात. सेंट मार्टिन उघडपणे त्यांच्या बाजूचं आहे. होली ट्रिनिटीचं नेतृत्व विवाहाची परंपरागत शिकवण धरून आहे. स्वागत दोन्हीकडे होईल, पण वर्षभर रमल्यावर हे कळून धक्का बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

ऑक्सफर्ड सर्कसजवळचं ऑल सोल्स तिसरं. १९५० ते १९७५ जॉन स्टॉट तिथे रेक्टर (प्रमुख धर्मगुरू) होते, आणि बायबलमधल्या वचनाचा ओळीन् ओळ उलगडा हे आजही तिथलं मुख्य काम. ज्यांना उपदेश वही-पेन घेऊन ऐकायचा असतो त्यांना मी डोळे मिटून तिकडे पाठवते. विवाहाबद्दलची भूमिका होली ट्रिनिटीसारखीच.

मी स्वतः सेंट मार्टिनला जाते. पुण्यातल्या पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत वाढलेल्या कुणालाही तिथली विधिवत उपासना घरची वाटेल. तरी नुकत्याच आलेल्या, कुणाची ओळख नसलेल्या मुलाला मी पहिले तीन महिने होली ट्रिनिटीलाच जायला सांगते. आणि नाताळची गर्दी पाहून ठरवू नका. जानेवारीतल्या साध्या रविवारी जा, उपासना संपल्यावर चहाला थांबा, आणि या आठवड्यात तुम्हा लोकांचं काय काय चाललंय ते विचारा.