डांबर की डोंगरवाट: चाळिशी लागलेल्या धावपटूचा कौल

आमच्या रविवारच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एकीच्या दोन हाफ (म्हणजे 21 किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉन) झाल्या आणि आता तिला पुढची पायरी चढायची आहे. परवा टेकडीवरून उतरताना तिने विचारलं, "दादा, डिसेंबरात ट्रेलची 25 करू, की सरळ जानेवारीत मुंबईची फुल?" ट्रेल म्हणजे डोंगरवाटेवरची शर्यत, इथे 25 किलोमीटरची; फुल म्हणजे रस्त्यावरची 42 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. मी दोन्ही प्रकार केलेत, प्रत्येकी तीन-चार वेळा, आणि कुठेही पोडियमच्या आसपास फिरकलेलो नाही. तेव्हा मी तिला म्हणालो, "दोन्हींची मजा वेगळी." ते काही खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. घरी येऊन अंघोळ करताना वाटलं, आपलं मत आहे, मग सांगून टाकावं.

बूट कोणते, जेल कोणतं, बॅग किती लिटरची, यात मी शिरणार नाही. दोन हाफ झालेल्या माणसाला ते सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आधी आकड्यांबद्दल. रस्त्यावरची शर्यत म्हणजे आकडा. 42.195 म्हणजे 42.195. प्रमाणित कोर्स सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून मोजतात, वर अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. (तुमच्या घड्याळात 42.7 दिसतात, कारण वळणं तुम्ही बाहेरून घेता आणि पाण्याच्या टेबलापाशी नागमोडी पळता. आयोजकांना शिव्या देण्याआधी एवढं लक्षात घ्या.) माझी पहिली फुल 5 तास 12 मिनिटांत झाली, दुसरी 4 तास 51 मिनिटांत. या दोन आकड्यांमध्ये माझं एक अख्खं वर्ष आहे आणि ते कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

ट्रेलला हे सुख नाही. 25 किलोमीटरला मला पावणेपाच तास लागले, हे ऐकून मेहुणा म्हणाला, "चालत गेलात का?" हो, निम्मं चालतच गेलो. ट्रेलवाल्यांचा एक हिशोब आहे: चढाईच्या दर 100 मीटरला एक किलोमीटर अंतरात मिळवायचा. म्हणजे 25 किलोमीटर आणि 1,200 मीटर चढ असेल तर ते 37 धरायचे. आंतरराष्ट्रीय ट्रेल संघटनाही शर्यतींची वर्गवारी याच हिशोबाने करते. पण निसरडा घसारा किती, कारवीची झुडपं किती, ऊन किती, हे त्यात कुठेच येत नाही. त्यामुळे ट्रेलचं टायमिंग त्या डोंगरापुरतं आणि त्या दिवसापुरतंच. काहींना यातच मोकळं वाटतं. ग्रुपमधले एक काका तर घड्याळ घरी ठेवून येतात. माझा जीव मात्र आकड्यात अडकतो, हे आधीच कबूल करतो.

व्यवहाराच्या बाजूने पाहिलं तर पुण्यात राहणाऱ्याला ट्रेल सोपी पडते. सिंहगड-राजगड-तोरणा या पट्ट्यातली शर्यत असेल तर रात्री घरीच झोपायचं, अडीचला उठायचं, स्कूटर काढायची. दुपारी घरी वरणभात. मुंबईला मात्र बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला आदल्या दिवसांत बांद्रा-कुर्ला संकुलात स्वतः जावं लागतं, मग सीएसएमटीच्या आसपास खोली शोधा, पहाटे तीनला तिथलं रिसेप्शन जागं करा. फुलसाठी आधीच्या शर्यतीचं सर्टिफिकेट लागतं ते वेगळंच. हाफ-डे रजा, डेक्कनचं तिकीट, खोलीचं भाडं असा सगळा हिशोब केला तर दोन ट्रेल शर्यती निघतील.

आणि गर्दी. मुंबईत पहिले तीन किलोमीटर तुम्ही पळत नाही, वाहत जाता. पुढे चौघे हातात हात घालून चाललेले असतात, मध्येच एखादा सेल्फीसाठी थांबतो. पाण्याच्या टेबलानंतरच्या पन्नास पावलांत अर्धवट भरलेल्या बाटल्या टाचेखाली येतात. माझा एक मित्र तिथेच घसरून शर्यतीबाहेर गेला, तेव्हा रस्ता सपाट म्हणून निर्धोक, असं मी म्हणणार नाही. पण त्याच रस्त्यावर परतीच्या पेडर रोडच्या चढाला, जिथे पोटऱ्यांना गोळे आलेले असतात आणि उन्हाचा चटका सुरू झालेला असतो, तिथे इमारतींतली माणसं खाली उतरून संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ लावलेली काकडी हातात देतात. एका आजींनी मला बिस्किट दिलं आणि वर दरडावलं, "चालू नकोस, पळ!" मी पळालो. पुढच्या वळणापर्यंत.

ट्रेलवर असं कोणी नसतं. एखाद्या खिंडीत दोन स्वयंसेवक, एक पाण्याचा कॅन, गुळाचे खडे, उकडलेले बटाटे. ते बटाटे मला फार आवडतात. शिवाय चढावर चाललात तर कुणी तुमच्याकडे बघत नाही, सगळेच चालत असतात. रस्त्यावर तिसाव्या किलोमीटरला चालायला लागलं की चोरी पकडल्यासारखं वाटतं.

पायांचं म्हणाल तर दोन्हींत हाल आहेत, फक्त जागा वेगळी. डांबरावर तेच पाऊल चाळीस हजार वेळा पडतं आणि माझ्या उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू त्याची तक्रार करते. ट्रेलवर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, त्यामुळे गुडघा खूश, पण उताराने मांड्या अशा भरून येतात की सोमवारी ऑफिसचा जिना मी रेलिंग धरून उलटा उतरलोय. अंगठ्याचं नख दोन्हींकडे काळं पडतं. इथे बरोबरी.

इथपर्यंत वाचून ट्रेलचं पारडं जरा जड वाटत असेल. मलाही दोन वर्षं तसंच वाटायचं. मग चष्मा बदलला.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला चाळिशी लागली. दूरचा नंबर आधीपासून होताच, म्हणून ऑप्टिशियनने प्रोग्रेसिव्ह घ्यायला लावला: वरून लांबचं दिसतं, खालून वाचायचं. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं, "जिना उतरताना मान खाली घाला, नुसती नजर नको." मी हसलो होतो. घरच्या जिन्याची सवय आठवड्यात झाली. डोंगराची झाली नाही.

चढावर काही प्रश्न नव्हता. चढताना जमीन तोंडासमोरच असते. त्या डिसेंबरातल्या 25 च्या शर्यतीत मी चढावर मस्त चाललो होतो. पहिल्या चढात वीसेक जण मागे टाकले, सोंडेवर आलो, गार वारा, वाळलेलं गवत सोनेरी, आणि मग उतार सुरू झाला. सुटा मुरूम, त्यात सुपारीएवढे खडे, मध्येच कारवीचे तोडलेले खुंट. पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा दोन मीटरवर असते. तिकडे नजर टाकली की ती भिंगाच्या खालच्या भागातून जाते, आणि तो भाग हातभर अंतरावरचं वर्तमानपत्र वाचण्यासाठी बनवलेला आहे. खडे, खुंट, मुरूम, सगळं एकमेकांत कालवलेलं. स्पष्ट दिसावं म्हणून हनुवटी छातीला टेकवायची. मग पाय दिसतात, पण पुढची दहा पावलं दिसत नाहीत, आणि समोरची फांदी तर कपाळावर आपटल्यावरच कळते.

असा मी हनुवटी खाली घालून, बैलासारखा, तो उतार उतरत होतो. मागून आवाज यायला लागले, "डावीकडून, डावीकडून!" वाट एका माणसाची. मी कारवीत शिरून वाट द्यायचो, पुन्हा वाटेवर यायचो, पुन्हा मागे कुणीतरी. पंधरा तरी जण गेले असतील, आणि त्यातल्या निम्म्यांना मी तासाभरापूर्वी चढावर गाठून मागे टाकलं होतं. दम होता, मांड्यांत जोरही होता. एका वळणावर खुंट म्हणजे सावली समजून त्यावर पाय दिला आणि दोन्ही तळव्यांवर आपटलो. फार काही नाही, सालटं निघाली, चष्म्याची एक काडी वाकली. चिडलो तो पडण्यावर नाही. चढावर घाम गाळून कमावलेलं उतारावर असं फुकट जात होतं, त्यावर. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. त्या सोंडेवरून राजगड आणि तोरणा दोन्ही स्वच्छ दिसत होते म्हणे. मी त्या सोंडेवर अर्धा तास होतो. मला माझे बूट दिसले.

उपाय केले नाहीत असं नाही. पुढच्या शर्यतीला जुना, फक्त लांबचा चष्मा काढला, मागे इलॅस्टिक बांधलं. पाय लखलखीत दिसायला लागले! पण आता घड्याळ दिसेना, बिबवर छापलेली कट-ऑफची (शर्यत संपवायच्या मुदतीची) वेळ दिसेना, आणि पहाटेच्या अंधारात मी ओआरएस समजून ॲसिडिटीची पावडर बाटलीत ओतली. दोन्ही पुड्या लिंबाच्या, दोन्ही हिरव्या. बाटली फसफसून वर आली तेव्हा कळलं. लेन्सचं विचारलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "धुळीत किती तास?" पाच म्हटल्यावर त्यांनी जो चेहरा केला, त्यानंतर तो विषय मीच बंद केला.

रस्त्यावर हा प्रश्नच येत नाही. डांबराकडे बघावं लागत नाही, मान वर ठेवता येते. मुंबईच्या फुलमध्ये सी लिंकवर पोहोचलो तेव्हा सातच्या आसपासची वेळ होती, तांबडं फुटत होतं. एरवी त्या पुलावर पायी जाऊ देत नाहीत. डावीकडे समुद्र, डोक्यावर त्या तारा, शेजारी एक अनोळखी माणूस माझ्याच पेसने. मी सगळं पाहिलं. पाच-सहा किलोमीटर पायांकडे एकदाही बघितलं नाही, आणि ते पाय माझेच आहेत हे बांद्र्याच्या बाजूला उतरल्यावर आठवलं. निसर्ग बघायला म्हणून मी ट्रेलला जायचो आणि बघून आलो ते मुंबईत. हे कुणाला पटणार नाही, पण माझ्यापुरतं खरं आहे.

मधला मार्गही सांगून ठेवतो. 2012 पासून होत असलेली साताऱ्याची हिल हाफ. बोगद्यापासून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. डोंगर आहे, पावसाळी धुकं आहे, चढावर चालायची मुभा आहे, आणि पायाखाली डांबर. धुक्यात चष्म्यावर पाणी साचतं, ते रुमालाने पुसायचं, बस. ज्यांना डोंगर सोडवत नाही पण उतार नको झालाय, त्यांनी आधी ती करून बघावी. उतारावर मी तिथे कुणालाही वाट दिली नाही. उलट दोघांकडून घेतली.

आता हे सगळं माझ्या डोळ्यांवरून ठरलेलं आहे, हे मान्य. ज्यांचे डोळे धड आहेत, किंवा ज्यांना नुसता लांबचा नंबर आहे, त्यांना ट्रेल कदाचित जास्त रुचेल, आणि घड्याळाचा कंटाळा आलेल्यांना तर नक्कीच. पण आपल्याकडे पळायला लागणारी बरीच मंडळी चाळिशीच्या अलीकडे-पलीकडेच सुरुवात करतात, म्हणून म्हणतो: ट्रेलची फी भरण्याआधी, जो चष्मा लावून पळणार तोच लावून सिंहगडाची आतकरवाडीची वाट एकदा भरभर उतरून बघा. चढून नव्हे, उतरून. हनुवटी छातीला टेकायला लागली तर जानेवारीचा फॉर्म भरा. मी सध्या तेच करतो. सरावाला डोंगर, शर्यतीला रस्ता. सरावात मला वाट मागणारं कोणी नसतं.

काल तिला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण दादा, मी चौतीसची आहे, मला चष्माच नाही." मग काय, तिने 25 चा फॉर्म भरला. अनिवार्य सामानाच्या यादीत शिट्टी आणि हेडटॉर्च होती, ती मी माझीच देऊन टाकली. पाठीवरची पाण्याची बॅगही तिने मागितली, ती मात्र दिली नाही. म्हटलं, उन्हाळ्यात सिंहगडाला लागते.