रिच स्प्लिट की लीन व्हेपर कॉम्प्रेशन? रिबॉयलरची वाफ वाचवताना

गोव्यात कोळशावर चालणारं मोठं वीजकेंद्र नाही, त्यामुळे धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचा हा विषय आपल्याकडे लांबचा वाटतो. पण इथल्या एखाद्या बॉयलरच्या चिमणीला अमाइनच्या द्रावणात हा वायू शोषणारं छोटं युनिट जोडायचं असो, की बाहेरच्या केंद्राचं डिझाइन हातात असो, अडतं एकाच ठिकाणी: पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे ३.६ गिगाज्यूलच्या आसपास उष्णता खाणारा रिबॉयलर. ॲब्सॉर्बर मनोऱ्यात वायू शोषून ‘रिच’ झालेलं द्रावण स्ट्रिपर मनोऱ्यात येतं, तिथे रिबॉयलर ते वाफेने उकळून वायू सोडवतो, आणि उरलेलं ‘लीन’ द्रावण पुन्हा शोषायला जातं. द्रावण तेच, म्हणजे पाण्यात ३० टक्के एमईए (मोनोइथेनॉलअमाइन), ठेवायचं असेल तर दोन बदल नेहमी समोर येतात: लीन व्हेपर कॉम्प्रेशन आणि रिच स्प्लिट.

लीन व्हेपर कॉम्प्रेशनचा आकडा कागदावर देखणा दिसतो. स्ट्रिपरच्या तळातून निघालेलं १२० अंशांचं लीन द्रावण एका ड्रममध्ये १.१ बारला फ्लॅश करायचं, म्हणजे एकदम कमी दाबावर सोडायचं, ते १०४ अंशांपर्यंत उतरतं, आणि सुटलेली वाफ दाबून परत स्ट्रिपरच्या तळाशी सोडायची. टनामागे साधारण १८ टन द्रावण फिरतं असं धरलं तर ४५० किलोच्या आसपास वाफ मिळते. रिबॉयलरचा भार दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. कॉम्प्रेसरमधून वाफ तापून बाहेर पडते, म्हणून पाणी फवारून तिला थंड करावं लागतं, नाहीतर एमईएचं विघटन वाढतं.

रिच स्प्लिटमध्ये कसलंच यंत्र नाही. ॲब्सॉर्बरमधून आलेल्या थंड रिच द्रावणातला दहा-पंधरा टक्के भाग क्रॉस एक्स्चेंजरला (जिथे गरम लीन द्रावण रिचला तापवतं) न दाखवता थेट स्ट्रिपरच्या माथ्यावर सोडायचा आणि उरलेला तापवून दोन-तीन मीटर खाली. कंडेन्सरमध्ये फुकट जाणारी वाफ या थंड धारेवर निवून पाणी होते. एक पाइप, एक कंट्रोल व्हॉल्व्ह, फ्लो मीटर, जादा डिस्ट्रिब्युटर आणि वर थोडं पॅकिंग एवढंच सामान. बचत मात्र पाच ते दहा टक्केच.

इथे बरेच जण टक्के बघूनच निर्णय घेतात. पण वीजकेंद्रात वाफ टर्बाइनमधून काढलेली असते. माझ्या अंदाजाने एक गिगाज्यूल वाचला की ६०-७० युनिट वीज परत मिळते, त्याहून जास्त नाही. कॉम्प्रेशनने अर्धा गिगाज्यूल वाचवला तर तीसेक युनिट मिळतील, आणि त्यातली १५-२० कॉम्प्रेसरच खाईल. रिच स्प्लिटने पाव गिगाज्यूल वाचला तरी पंधराएक युनिट हाती लागतात, तीही जवळजवळ निव्वळ. एनटीपीसीच्या विंध्याचलमधल्या कार्बन पकडणाऱ्या युनिटसारखा रोजचा २० टनांचा आकार धरला तर कॉम्प्रेशनची निव्वळ कमाई दिवसाला ३०० युनिटच्या घरात राहते. तेवढ्यासाठी फिरतं यंत्र सांभाळायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मला खटकतो तो कॉम्प्रेसरही नाही, फ्लॅश ड्रमखालचा लीन पंप खटकतो. ड्रममधलं द्रावण उकळबिंदूवरच असतं, म्हणून पंपाला सक्शनचा दाब फक्त उंचीतून मिळतो. ड्रम पाच-सहा मीटर वर बसवावा लागतो, आणि जुन्या युनिटमध्ये तेवढी जागा क्वचितच असते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज लपंडाव खेळते. कॉम्प्रेसर बंद पडला की ड्रमचा दाब वर जातो, त्याने पंपाला काही होत नाही. खरा त्रास तो पुन्हा सुरू करताना होतो: दाब झपकन उतरतो, सक्शन लाइनमधलंच द्रावण उकळतं, पंप खडखडतो आणि मेकॅनिकल सील गळायला लागतं. अमाइन ठिबकलं की खालच्या फाउंडेशनवर चिकट तपकिरी थर बसतो. रॅम्प, म्हणजे दाब उतरवण्याचा वेग, हळू ठेवला, सेकंदांऐवजी काही मिनिटांचा, तर पुष्कळ निभतं. पण मध्यरात्री ड्युटीवरच्या माणसाला घाईच असते.

अर्थात वाफ फर्नेस ऑइलच्या वेगळ्या बॉयलरमधून येत असेल, वीज खात्रीची असेल आणि ड्रमची उंची पहिल्याच ड्रॉइंगमध्ये धरता येत असेल, तर कॉम्प्रेशनला नाही म्हणवत नाही. दोन्ही एकत्र केली तर बचतीची सरळ बेरीज होत नाही, कारण कॉम्प्रेशनमुळे रिच द्रावण आधीच कमी तापून आत येतं आणि माथ्यावर वाया जाणारी वाफच कमी उरते.

रिच स्प्लिट घेतलीत तर एक जपा. एक्स्चेंजरमधून जाणारं रिच कमी झालं की ते जास्त तापतं आणि प्लेट्समध्येच वायू सुटू लागतो. म्हणून दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह स्ट्रिपरच्या नोझललगत बसवायचा, एक्स्चेंजरजवळ नाही. बायपास पाच टक्क्यांपासून सुरू करा आणि दोन-दोन टक्क्यांनी वाढवा. दर वेळी लीन लोडिंग, म्हणजे लीन द्रावणात उरलेल्या वायूचं प्रमाण, टायट्रेशनने तपासून स्थिर होऊ द्या. माथ्याचं तापमान शंभरीजवळून ८५ च्या आसपास उतरेल. लीन लोडिंग तेच राखायला वाफ पुन्हा जास्त लागू लागली की एक पायरी मागे या.