विमान चकाचक करायचं की जसं आहे तसं राखायचं?

सोलापुरातल्या एखाद्या संस्थेनं आवारात निवृत्त लढाऊ विमान ठेवायचं ठरवलं, की बैठक रंगावरच घुटमळते. छताचा विषय निघतो तो चहा आल्यावर.

दोन हॅलिफॅक्स बॉम्बर विमानं बघा. दोन्ही दुसऱ्या महायुद्धात पडली, दोन्ही नॉर्वेतल्या तळ्यांतून निघाली. १९७३ साली काढलेलं लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये बरंचसं निघालं तसंच, पोचे आणि गंजासकट ठेवलंय. १९९५ साली काढलेलं कॅनडातल्या ट्रेंटनला नेऊन दहा वर्षं खपून पूर्ण उभं केलं. विमान कसं होतं हे ट्रेंटनला कळतं. त्याचं काय झालं, हे लंडनला. मला लंडनचं पटतं. नवा पत्रा कधीही बसवता येतो, जुना परत आणता येत नाही.

आपल्याकडे समुद्राचा खार नाही, हवा कोरडी, म्हणजे ॲल्युमिनियमची चैनच. २०१३ साली इंग्लिश खाडीतून काढलेल्या डॉर्नियर या जर्मन बॉम्बरवर सायट्रिक ॲसिडचे, म्हणजे लिंबातल्याच आम्लाचे, फवारे मारत बसावं लागलं होतं. आपला वैरी ऊन. चाळिशीपार पारा गेला की कॉकपिटच्या काचेला बारीक तडे जातात, टायर फुटतात, रंगाची पूड होते. उघड्या चौथऱ्यावर पावसाचं पाणी आत साचतं, हवा घेण्याच्या तोंडात पारवे संसार थाटतात. मग दर काही वर्षांनी पेंटर येतो, पॉलिशपेपर मारतो, रिव्हेटांवर लांबी (पुटी) भरतो आणि स्क्वॉड्रनची जुनी खूण कायमची जाते.

शेडचा बाऊ करू नका. मिग-२१ लांबीला साधारण पंधरा मीटर, पंख सातच्या थोडे वर. यंत्रमाग कारखान्याच्या शेडीएवढी जागा पुरते. वजन मात्र रिकामं असतानाही पाच टनांवर, तेव्हा फरशी भक्कम हवी. नॅट हे छोटं लढाऊ विमान मिळालं तर आणखी सोपं: नऊ मीटर लांब, अडीच टनांच्या आत, शिवाय १९६५ च्या युद्धाची कीर्ती. फक्त फाटकाची शोभा हवी असेल, तर फायबरचं मॉडेल करून घ्या.

कुठलंही घेतलंत तरी इजेक्शन सीटची, म्हणजे वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची, काडतुसं काढल्याचं लेखी घ्या, अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलमध्ये किरणोत्सारी रेडियम आहे का ते तपासून घ्या आणि टायरवरचा भार स्टँडवर घ्या. रंगवायचंच ठरलं, तर आधी प्रत्येक आकडा, प्रत्येक खूण प्लॅस्टिकच्या कागदावर गिरवून ठेवा.