रेयुनियनची ज्वालामुखी रात्रसहल: साडेतीन तारे

मॉरिशसजवळच्या रेयुनियन या फ्रेंच बेटावर ज्वालामुखी बघायला चाललोय, थंडी कसली, म्हणून स्वेटर मॉरिशसला लेकाच्या घरीच ठेवला. निम्मी चूक माझी, निम्मी सहलवाल्यांची. त्यांच्या निरोपात 'बूट, पाणी' एवढंच होतं. जुलैत तिकडे हिवाळा, वाट दोन हजार मीटरच्या वर! हिच्या पर्समध्ये माकडटोपी निघाली म्हणून निभावलं.

पितों द ला फुर्नेझ हा तिथला ज्वालामुखी 2 जुलै 2023 ला फुटला आणि 10 ऑगस्टपर्यंत चालू होता. आम्ही मधेच गेलो. माणशी 60 युरो. गाडी चाळीस मिनिटं उशिरा. मी 33 वर्षं एसटीत काढलीत, उशीर होतो हे मला कळतं. पण एक फोन करायला काय जातं? आठातल्या दोन डोक्यावरच्या बॅटऱ्याही मिणमिणत होत्या. ड्रायव्हर मात्र पक्का. प्लेन दे साब्लच्या लालकाळ्या माळावर कच्चा रस्ता, खड्डेच खड्डे, पण थर्मासमधला चहा सांडला नाही.

उद्रेक सुरू झाला की खाली एन्क्लोत, म्हणजे ज्वालामुखीभोवतीच्या कड्याखालच्या खोलगट भागात, उतरायचं फाटकच बंद करतात. त्यामुळे कड्याच्या काठाकाठाने चालायचं आणि लांबून बघायचं. 'अगदी जवळ नेतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

गाइड पोरगेलासा, इंग्रजी तोडकंमोडकं, पण तारे त्याचेच. काठावर त्याने सगळ्यांचे दिवे विझवायला लावले आणि गप्प बसवलं. आधी ऐकू आली ती गाज, लांबच्या समुद्रासारखी. मग नारिंगी कारंजं दिसलं. इथला रस पातळ, त्यातला वायू सहज सुटतो, म्हणून डोंगर फुटून उडत नाही, असं त्याने सांगितलं. ही लगेच म्हणाली, "पिठल्यासारखंच की. घट्ट झालं की अंगावर उडतं, पातळ असलं की नुसतं बुडबुडतं."

त्याने जुन्या लाव्ह्याचा एक दगड हातात दिला. जाळी पडलेला अनारसाच, फक्त काळा. आम्ही महाराष्ट्रातले कळल्यावर गडी खूश. 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारत याच भट्टीवरून सरकत होता, तेव्हा आपला दख्खनचा कातळ ओतला गेला म्हणे. साताऱ्यात जन्म गेला, सज्जनगडाच्या पायऱ्या किती वेळा चढलो, आणि हे सांगायला हा पोरगा भेटला. दगड त्याने परत ठेवायला लावला.

खाऊ म्हणून समोसे होते. हो, समोसेच, तिथे गल्लोगल्ली मिळतात. कारंज्याच्या नादात माझा गारढोण झाला. तसाच खाल्ला.