सागाच्या संशोधनाला साथ कोणाची: आययूएफआरओ की आयटीटीओ?

इंदूरच्या वखारीत सागाचा ओंडका चिरला की तपकिरी गाभा आणि फिकट कड लगेच वेगळी दिसते. लागवडीतल्या सागाचा गाभा जंगलातल्याइतका टिकतो का, हे ठरवायला अनेक देशांतले नमुने एकाच पद्धतीनं तपासावे लागतात. त्यासाठी मी आययूएफआरओच (वन संशोधन संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ) निवडेन. १८९२ पासूनचं हे संशोधन संस्थांचं जाळं, मुख्यालय व्हिएन्नात. नऊ विभागांपैकी पाचवा खास वनोत्पादनांचा; शास्त्रज्ञ थेट शास्त्रज्ञाशी बोलतो.

जपानमधल्या योकोहामाची आयटीटीओ (आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटना) ही सरकारांची संघटना. उष्ण कटिबंधातल्या लाकडाचा व्यापार, धोरण, प्रकल्पांना निधी हवा असेल तर तीच बरी.

आपल्या पोरांनी मात्र आधी जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था गाठावी. तीही इंदूरसारखी मध्य प्रदेशातच आहे!