‘ती’ गोळी: चार तासांची की छत्तीस तासांची?

दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत माणूस बाहेर मोबाइल चाळत उभा राहतो. मग आत येतो आणि आवाज खाली आणून विचारतो, “ती गोळी... दोन्हींत चांगली कुठली?” मी मेडिकल चालवतो, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे. हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते, पण नेमकं हेच विचारायचं तिथे राहून गेलेलं असतं. (चिठ्ठीशिवाय ही औषधं देता येत नाहीत, दोन्ही शेड्यूल एच या सरकारी यादीतली आहेत.)

दोन्ही म्हणजे ताठरता येत नाही किंवा टिकत नाही त्यांच्यासाठीच्या गोळ्या, सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल. पहिली मुळात छातीच्या दुखण्यावर तपासली जात होती, तिचा भलताच गुण लक्षात आला आणि 1998 साली अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. दुसरी तिथे 2003 साली आली. काम दोघींचं एकच. मनात इच्छा जागली की शिश्नातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरतं, ताठरता येते. हे सैलावणं आवरतं घेणारं एक एंझाइम असतं, त्याला ही गोळी थोपवून धरते. म्हणजे इच्छा तुमचीच लागते. गोळी घेऊन बातम्या बघत बसलेल्याला काही होत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो मला सांगतो, “डुप्लिकेट माल होता.”

खरा फरक घड्याळाचा आहे. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यायची, असर चारेक तास. त्यात जेवणाची अडचण. मटणाचं किंवा तूप-तेलाचं भरपेट जेवण झालं असेल तर ती उशिरा लागू पडते. लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात जेवून मग गोळी घेणाऱ्यांची हमखास पंचाईत होते. टाडालाफिलला जेवणाशी देणंघेणं नाही. तिचा असर 36 तासांपर्यंत राहतो, म्हणजे शनिवारी रात्री घेतली तर सोमवारी सकाळपर्यंत. तिचाच 5 मिलिग्रॅमचा छोटा डोस रोज घेण्याचीही पद्धत आहे. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे लघवीचा त्रास असेल तर त्यालाही उतार पडतो.

माझं मत विचाराल तर महिन्यातून एखाद-दोनदाच गरज पडणाऱ्याला सिल्डेनाफिल पुरते. “आता तासाभरात” या हिशेबानेच ज्याला धडकी भरते, त्याला टाडालाफिल बरी. अर्ध्यांची अडचण त्या धडकीतच असते.

डोकं दुखणं, चेहरा तापणं, नाक चोंदणं, अ‍ॅसिडिटी हे दोन्हींत. सिल्डेनाफिलने काहींना थोडा वेळ निळसर दिसतं, टाडालाफिलने कंबर आणि मांड्या दुखतात. आणि जिचा असर दीड दिवस, तिचा त्रासही तेवढाच रेंगाळणार, हे धरून चालायचं.

एका ठिकाणी मात्र हा लांबलेला असर भारी पडतो. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट बऱ्याच जणांच्या खिशात असते. ती आणि यातली कुठलीही गोळी एकत्र आली तर बीपी एकदम कोसळतं, जिवावर बेतू शकतं. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास सॉर्बिट्रेट चालत नाही. ज्याला ती कधीही लागू शकते, त्याने या दोघींचा विचारच करू नये. गोळीनंतर छातीत दुखायला लागलं तर दवाखान्यात शिरताच गोळीचं सांगायचं, लाज नंतर. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालायचं. आणि ताठरता चार तासांवर टिकून राहिली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

रस्त्याकडेच्या तंबूतल्या जडीबुटीला आणि “शंभर टक्के हर्बल” कॅप्सूलला मी तुलनेत धरतच नाही. असल्या मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, किती ते पाकिटावर नसतं. सॉर्बिट्रेटवाल्याने ते विश्वासाने घेतलं तर काय होईल, ते वर आलंच.

आता तिसरा पर्याय, जो मला कुणी विचारत नाही. पहाटे जाग येताना ताठरता असते का? ती नीट असेल आणि अडचण फक्त बायकोजवळ येत असेल, तर बहुधा गाठ मनात आहे. तिथे दोघांनी मिळून समुपदेशकाकडे गेलेलं गोळीपेक्षा जास्त कामाला येतं. पण पहाटेचीही हळूहळू गेली असेल तर प्रश्न रक्तवाहिन्यांचा असण्याची शक्यता मोठी. शिश्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. साखर, बीपी, तंबाखूने नळ्या आतून अरुंद होऊ लागल्या की बारीक नळी आधी कुरकुरते. म्हणून चाळिशीतल्या माणसाला ही तक्रार हृदयविकाराच्या दोन-तीन वर्षं आधीही जाणवू शकते. नुसती गोळी घेऊन ती दाबली तर निरोप आणणाऱ्यालाच दारातून हाकलल्यासारखं होतं.

हा पर्याय सावकाश फळतो, पण फळतो. 2004 साली इटलीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 55 लठ्ठ पुरुषांनी दोन वर्षं आहार आणि व्यायाम सांभाळून वजन उतरवलं, तेव्हा 17 जणांची ताठरता पूर्ववत झाली. रोज चाळीसेक मिनिटं झपझप चालणं, गुटखा-सिगारेट बंद, दारूला आवर, साखर ताब्यात. गोळी चालू असो वा नसो, हे करायचंच. बीपीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते. त्या आपल्या मनाने थांबवू नयेत, बदलून मागाव्यात.

आणि पहिल्या रात्री जमलं नाही म्हणून पाकीट फेकू नका. डोस आणि वेळ बसायला चार-पाच वेळा जावं लागतं. मात्र दिवसाला एकच, आणि डोस डॉक्टरांनीच वाढवायचा.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. तिथे शब्द सुचला नाही तर “ताठरता टिकत नाही” एवढंच म्हणा, पुढचं ते विचारतात. साखर, कोलेस्टेरॉल, बीपी आणि गरज वाटली तर सकाळचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासून झालं की मग या गोळीवर की त्या गोळीवर, हे बोलायला पाच मिनिटं पुरतात.