रेडिमेड किल्ला : फिनिशिंग झकास, पण…

यंदा पुण्यात कुंभारवाड्यातल्या एका स्टॉलवरून पीओपीचा तयार किल्ला घेतला, 850 रुपये, फ्लॅटमध्ये माती कुठून आणणार म्हणून. दिसायला मस्त, रंग चांगला, दरवाजा बुरूज सगळं जागच्या जागी, मावळे मांडले की झालं काम. वजनाला हलका, दिवाळी संपली की माळ्यावर. पण विकणारा राजगड राजगड करत होता आणि याला माच्याच, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंदीच्या सपाट सोंडाच, नाहीत हो! पद्मावती नाही, सुवेळा नाही, संजीवनीची ती दुहेरी तटबंदी तर लांबच राहिली, नुसता डोंगर आणि वर झेंडा, उद्या हाच प्रतापगड म्हणूनही खपेल. अळीव पेरायची सोयच नाही, हिरवा रंग फासलाय त्यावर समाधान मानायचं.

पोरं पहिल्या दिवशी खेळली, नंतर ढुंकून बघितलं नाही. शेजारच्या विंगमधल्या कार्ट्यांनी विटा, गोणपाट आणि कुठून तरी आणलेली माती कालवून जो राजगड केलाय त्याचा एक बुरूज रोज ढासळतो, संजीवनी वाकडी झालीये, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवतात, चोर दरवाजा इथे, पाण्याचं टाकं तिथे. आमचा बघून लोक विचारतात, केवढ्याला पडला?

फिनिशिंगला 4 स्टार, किल्ला म्हणून 2. मातीची चित्रं मात्र तिथूनच घ्या, महाराज आणि तोफवाला खरंच सुबक आहेत, फक्त लवकर जा, वसुबारस जवळ आली की कोणी भाव कमी करत नाही.